दोन मैल लांबीचे चित्र

शिक्षक आणि जाहिरात यांचे नाते पहिल्यापासून थोडे अवघडलेलेच आहे. स्वतःची स्तुती स्वतः करू नये, असे आम्ही वर्गात सांगतो. आणि जाहिरात तर नेमके तेच करीत असते. वर्तमानपत्र उघडताच साबण, खते, शिकवण्या आणि दागिने आपापले ढोल वाजवीत सामोरे येतात, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे ते पान न वाचताच उलटतात. परंतु ‘जाहिरात’ ह्या शब्दाच्या पोटात ‘जाहीर’ आहे, आणि जाहीर म्हणजे उघड. जे चार भिंतींआड आहे ते चारचौघांत आणून ठेवणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मुलांनी तयार केलेल्या एका छोट्या माहितीपटासाठी वर्तमानपत्रात द्यावयाची जाहिरात सिद्ध करताना ह्या मूळ अर्थाची आम्हांस वारंवार आठवण झाली. त्या निमित्ताने सुरतेच्या इतिहासातील एक जुनी हकीकतही उपयोगी पडली. ती दोन्ही वाचकांपुढे ठेवण्याजोगी आहेत, असे वाटते.

आमचे कडोदरा हे जाण्यायेण्याच्या वाटेवरचे गाव. मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि सुरत–बारडोली रस्ता येथे एकमेकांस छेदतात. त्या चार रस्त्यावर मालमोटारींची रांग दिवसरात्र तुटत नाही. गावाच्या एका अंगास कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या आहेत, तर दुसऱ्या अंगास दूरवर पसरलेला ऊस. उधना–जळगाव लोहमार्ग शेजारच्या चलथाणवरून जातो, आणि त्या मार्गाने खानदेशातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या इकडे येत राहिली आहेत. आमच्या शाळेतील कित्येक मुले घरी अहिराणी किंवा मराठी, वर्गात गुजराती आणि रस्त्यावर हिंदी बोलतात. तिन्ही भाषांत त्यांना सारख्याच सहजतेने भांडता येते, हे त्यांचे वैशिष्ट्य.

ह्या उसाच्या पट्ट्यात बारडोली, चलथाण, सायण अशा ठिकाणी सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे तोडणीच्या टोळ्या येऊ लागतात. कोणी डांगातून, कोणी नंदुरबार-धुळ्याकडून. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीत ही माणसे पाच-सहा महिने शेतांच्या कडेला राहतात. त्यांच्या वस्तीस येथे ‘पडाव’ म्हणतात आणि तोडणी करणाऱ्या जोडीस ‘कोयता’. हत्याराचे नाव माणसाला पडावे, यातच पुष्कळ काही आले. त्यांच्या सोबत मुलेही येतात. त्यांतील काही आमच्या वर्गात येऊन बसतात, आणि उन्हाळा तापला, हंगाम सरला, की एके दिवशी त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात. गावाकडच्या शाळेत त्यांचे नाव असते, इकडच्या शाळेतही असते. मूल मात्र दोन्हींकडे अर्धेच असते. महाराष्ट्रात साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. गुजरातेत तंबूशाळा चालविल्या गेल्या. प्रश्न जुना आहे आणि अजून पुरता सुटलेला नाही.

आठवीच्या मुलांनी ह्याच विषयावर शिक्षकांच्या मोबाइलवर बारा मिनिटांचा माहितीपट केला. ‘अर्ध्या वर्षाची शाळा’ हे त्याचे नाव. तो शाळेच्या पटांगणात गावकऱ्यांना दाखवावा असे ठरले, आणि मग प्रश्न आला तो लोकांना कळविण्याचा. मोबाइलवरून निरोप पाठविला की झाले, असे काहींचे मत होते. परंतु निरोप आपल्या ओळखीच्या माणसांपर्यंत जातो. वर्तमानपत्र अनोळखी माणसापर्यंत जाते. चहाच्या टपरीवरील एक अंक दिवसभरात कितीतरी हातांतून फिरतो. ज्यांच्या शेतात पडाव पडतात ते शेतकरी, दुकानदार, निवृत्त मंडळी ह्यांना बोलवावयाचे असेल तर छापील अक्षरच हवे, हा मुलांचा मुद्दा आम्हांस पटला.

जाहिरातीचे वळण समजावून देण्यासाठी मुलांना फार दूर नेण्याची आवश्यकता नव्हती. सुरतेपर्यंत नेणे पुरे होते. मात्र काळाने शतकाहून अधिक मागे.

दादासाहेब फाळके हे नाव आपल्या समाजाला परके नाही. १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्यास आले, ते सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनात शिकण्यासाठी. त्या कलाभवनाचे प्रवर्तक प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे. पुढे फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि तेथेच प्लेगने त्यांचा पहिला संसार मोडला. नंतर लोणावळ्यास छपाईचा धंदाही त्यांनी उभा केला. म्हणजे चित्र कसे टिपावे आणि कागदावर ते कसे उतरते, ह्या दोन्ही गोष्टी चित्रपटाकडे वळण्याआधीच त्यांना अवगत होत्या. त्यांचा पहिला प्रयत्न तर एका अर्थी माहितीपटच होता. १९१२ साली कुंडीत वाटाण्याचे बी लावून त्याच्या वाढीची टप्प्याटप्प्याने चित्रे त्यांनी टिपली, आणि ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल देणाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. त्यानंतर तो सुरतेस आला तेव्हाची हकीकत चित्रपटाच्या इतिहासात सांगितली जाते. सुरतेच्या लोकांना नाटकाचा नाद होता. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाने तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ का पाहावा? पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये. नाट्यगृहाच्या मालकाने सुचविले, की खेळ लांबवा किंवा दर उतरवा. फाळक्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे केवळ तीन आण्यांत, अशा आशयाची नवी जाहिरात लागली, आणि लोक लोटले.

ही गोष्ट ऐकून मुले हसली. परंतु आम्ही त्यांना हसून सोडले नाही, फळ्यावर हिशेब मांडावयास लावला. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट नोंदविलेली आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटात १६ चित्रे बसतात. ३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२००. सत्तावन्न हजारांचा आकडा ह्याच्या अगदी जवळ आहे, किंबहुना थोडा कमीच. म्हणजे फाळक्यांचे पहिले विधान खरे. आता दुसरे पाहू. एका मैलाचे फूट ५,२८०. दोन मैलांचे १०,५६०. चित्रपट ३,७०० फुटांचा. दोन मैल दूरच राहिले, पाऊण मैल भरावयासही २६० फूट कमी पडतात. जोडीला दाखविलेल्या इतर चित्रांची फीतही त्यांनी मोजली असेल, असे उदार मनाने धरता येईल. परंतु त्या एका चित्रपटापुरते बोलावयाचे तर हे विधान जवळजवळ तिपटीने फुगविलेले होते.

एकाच जाहिरातीत एक आकडा तोलून घेतलेला आणि दुसरा फुगविलेला! आठवीच्या वर्गास ह्याहून चांगला धडा कोणता मिळणार?

मुलांनी पहिला प्रश्न विचारला, तो असा: मग लोक कोणत्या आकड्याने आले? ह्याचे उत्तर कोणी ठामपणे देऊ शकणार नाही. परंतु आम्हांस असे वाटते, की फाळक्यांचे कौशल्य आकडा मोठा असण्यात नव्हते, मोजमाप ओळखीचे असण्यात होते. सुरत हे कापडाचे आणि जरीचे शहर. येथे तेव्हा कापड वाराने मोजत, जर तोळ्याने तोलत. अशा व्यापारी गावाला ‘उत्कृष्ट’, ‘अपूर्व’, ‘अद्‌भुत’ ही विशेषणे ऐकवून काय उपयोग? मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविली गेली, तेव्हा वर्तमानपत्रातील जाहिरातीत शतकातील चमत्कार, जगाचे आश्चर्य असाच घोष होता. त्या वेळी ते चाललेही, कारण वस्तूच न भूतो अशी होती. फाळक्यांनी मात्र सुरतेकरास त्याच्याच गजाने मोजून दाखविले: चित्रे इतकी, लांबी इतकी, दाम इतके, आता तूच ठरव. छायाचित्र काढून घेणे हीच तेव्हा ऐपतीची गोष्ट होती. तेथे सत्तावन्न हजार छायाचित्रे तीन आण्यांत!

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. दोन मैल म्हटले म्हणून बिघडले काय? चित्रपट चांगलाच होता ना? आमचे उत्तर असे, की कथेचा चित्रपट आणि माहितीपट ह्यांत येथेच फरक पडतो. हरिश्चंद्राची कथा पाहावयास आलेला प्रेक्षक फीत मोजावयास जात नाही. त्याला कथेचा आनंद मिळाला की व्यवहार पुरा झाला. माहितीपटाजवळ मात्र विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते. आपल्याकडच्या ह्या परंपरेचा आरंभ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांपासून धरतात. त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाचे स्वागतही टिपले. ती कुस्ती खरोखर झाली होती आणि परांजपे खरोखर आले होते, हेच त्या चित्रांचे मोल. ज्या चित्राचे मोल खरेपणात आहे, त्याची जाहिरात खोटी असेल तर प्रेक्षक दारातूनच संशय घेऊन आत येतो. माहितीपटाचे पहिले दृश्य पडद्यावर दिसत नाही. ते वर्तमानपत्रातील जाहिरातीत दिसते.

हे तत्त्व म्हणून ठीक. पण प्रत्यक्षात कागद पुढे आला, तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली.

जागा ठरली ती दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच. वर्तमानपत्रे जाहिरातीची जागा कॉलम-सेंटिमीटरने विकतात. रुंदीचे कॉलम गुणिले उंचीचे सेंटिमीटर, म्हणजे आमची वीस. तळहाताएवढ्या त्या जागेत मुलांनी पहिल्या नमुन्यात चौदा जणांची नावे, शाळेचे नाव, पाहुण्यांची नावे, दोन सुविचार, तीन छायाचित्रे आणि चारी बाजूंनी वेलबुट्टी बसविली होती. ‘हृदय पिळवटून टाकणारा’ असा मथळा होता. आम्ही तो कागद भिंतीला लावला आणि मुलांना दहा पावले मागे उभे केले. काय वाचता येते? वेलबुट्टीखेरीज काहीही नाही. तेव्हा एकेक गोष्ट काढीत जाण्याचे काम मुलांनीच केले. घालण्यापेक्षा काढणे कठीण, हे निबंध लिहिणाऱ्याइतकेच जाहिरात करणाऱ्यालाही शिकावे लागते. कोरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. दाटीवाटीच्या पानावर तीच डोळ्याला थांबविते.

मथळ्यासाठी मुलांनी फाळक्यांचा मार्ग धरून आकडे शोधले. एकाने हिशेब केला: मोबाइल सेकंदाला ३० चित्रे टिपतो, बारा मिनिटांची चित्रे झाली २१,६००. आकडा खरा होता. परंतु आज ज्याच्या-त्याच्या खिशात हजारो चित्रे पडलेली आहेत. त्या आकड्याचे कोणाला अप्रूप? मग दुसरी मुलगी म्हणाली, “सर, आपल्या वर्गात सात जण आले होते ना? आणि सहा महिन्यांनी जातात.” तेवढ्यावर मथळा झाला: ‘सात मुले. सहा महिने. मग?’ त्यातील एकही शब्द फुगविलेला नव्हता. हजेरीपट उघडून कोणालाही पडताळून पाहता आला असता. हृदय पिळवटावयाचे की नाही, हे वाचणाऱ्यावर सोडलेले होते.

छायाचित्राचा प्रश्न ह्याहून नाजूक. मुलांना एका चिमुरडीचा चेहरा हवा होता; धुळीने माखलेले केस, हातात कोयता, डोळ्यांत पाणी. चित्र प्रभावी होते यात शंका नाही. परंतु आम्ही विचारले, की हे चित्र तुमच्या बहिणीचे असते तर जिल्हाभर वाटू दिले असते काय? तिच्या आईबापांस कोणी विचारले आहे काय? मुले पडावावर गेली. मुलीचे वडील नाही म्हणाले नाहीत, गप्प राहिले. ज्याच्या डोक्यावर उचल आहे तो माणूस सहसा कोणालाच नाही म्हणत नाही. तेव्हा त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा धरावयाचा नाही, असे मुलांनी आपापसांत ठरविले, आणि त्या निर्णयाचे आम्हांस फार समाधान वाटले. शेवटी दुसरेच चित्र निवडले गेले. पाचटाच्या खोपटाची मेढ, तिच्यावर खोचलेला कोयता आणि त्याशेजारी टांगलेले शाळेचे दप्तर. त्यात चेहरा कोणाचाच नव्हता, तरी घर सातही मुलांचे होते.

येथे छपाईनेही आपला शब्द टाकला. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो. छायाचित्र त्यावर बारीक ठिपक्यांनी उमटते आणि ठिपके किंचित पसरतात. सावलीत काढलेले चित्र त्यामुळे काळा डाग होऊन बसते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे काढली तर ती बुजून जातात. म्हणून दप्तराचे चित्र सकाळच्या उन्हात पुन्हा टिपले आणि अक्षरे पांढऱ्यावर काळी, ठसठशीत ठेवली. पडद्यावर शोभणारे सर्वच कागदावर शोभत नाही, हे पूर्वीच्या जुळाऱ्यास कोणी सांगावे लागत नसे.

खर्चाचा भार उचलण्यास एक गृहस्थ पुढे आले. मात्र माहितीपटाच्या नावाहून आपल्या दुकानाचे नाव मोठे असावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलांनी त्यांना नम्रपणे विचारले, “काका, लोक दुकान पाहायला येणार की चित्र?” गृहस्थ मनाचे मोठे निघाले. ‘सौजन्य’ म्हणून तळाशी एक बारीक ओळ त्यांनी मान्य केली. उरलेली रक्कम शिक्षकांनी वर्गणीने पुरी केली.

आता राहिली कामाची माहिती. ती मुले नेहमीच शेवटी आणि घाईने लिहितात. वस्तुतः वाचणाऱ्याच्या दृष्टीने तीच पहिली. वार, तारीख, वेळ, ठिकाण, प्रवेश विनामूल्य, आणि विचारपूस करण्यासाठी शाळेचा क्रमांक. नुसती तारीख पुरत नाही, वारही हवा. कारण माणूस तारखेने नव्हे, वाराने दिवस आखतो. वेळ संध्याकाळी साडेसातची ठेवली. अंधार पडल्याखेरीज पटांगणातील पडदा दिसत नाही, आणि तोवर पडावावरील चुलीही विझलेल्या असतात. दिवस हंगाम संपण्यापूर्वीचा निवडला. ज्यांच्याविषयी चित्र आहे ती माणसे निघून गेल्यावर ते दाखविण्यात काय अर्थ?

भाषेचा वाद थोडा रंगला. जाहिरात गुजराती दैनिकात, म्हणून गुजराती हवी, हे उघड होते. परंतु तळाशी एक ओळ मराठीतून असावी असा मुलांनी हट्ट धरला: ‘पडावावरील सर्वांनी यावे.’ त्या पडावावर वर्तमानपत्र येत नाही आणि आले तरी वाचणारे थोडे, असे एका शिक्षकांनी निदर्शनास आणले. त्यावर मुले म्हणाली, की आम्ही जाऊन वाचून दाखवू. आणि त्यांनी तसे केले. अंक हाती पडताच कात्रण घेऊन ती पडावावर गेली. आपल्यासाठी छापलेली ओळ त्या माणसांनी बोट ठेवून पाहिली. एकाने ते कात्रण खोपटात पाचटाच्या कुडास टाचून ठेवले.

कार्यक्रमास पटांगण भरले असे म्हणता येणार नाही, अर्धेअधिक भरले. पुढे सतरंजीवर पडावावरची मंडळी, मागे खुर्च्यांवर गावकरी. खेळ संपल्यावर एका शेतकऱ्याने उठून विचारले, की सात मुले तुमच्या वर्गात आली, आणि जी आलीच नाहीत ती किती? मुलांनी खरे ते सांगितले, की ती आम्ही मोजलेली नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यात त्याच शेतकऱ्याच्या शेताकडेच्या पडावातून दोन मुले शाळेत आली. फार मोठे यश म्हणून हे सांगत नाही. हंगामाचे जेमतेम पाच आठवडे उरले होते.

आज कित्येक घरांतील मुले-मुली शाळा-महाविद्यालयांतून असे छोटे चित्रपट करीत आहेत. आजोबांची गिरणी, आजीचे जाते, गल्लीतील शेवटचा तांबट, असे किती तरी विषय त्यांच्यापुढे आहेत. त्यांची जाहिरात करण्याची वेळ आली, तर वडीलधाऱ्यांनी एवढेच पाहावे, की ज्या माणसाविषयी ते चित्र आहे त्याला ती जाहिरात मोठ्याने वाचून दाखविता येते की नाही. वाचताना एखाद्या शब्दापाशी आपला आवाज खाली येऊ लागला, तर तो शब्द खोडावा. फाळक्यांचे सत्तावन्न हजार जरूर घ्यावे. दोन मैल मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावेत. त्यांच्यापाशी हरिश्चंद्र होता. आपल्या मुलांपाशी फक्त हजेरीपट आहे, आणि तो खरा आहे.